खात्री नसताना : आगरकर, हॅम्लेट आणि डोंगरीचे १०१ दिवस

मागच्या व्याख्यानात आपण ग्रीक संशयवाद्यांपाशी थांबलो होतो. कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना सारखाच जोर असेल तर निर्णय स्थगित ठेवावा, म्हणजे मन शांत राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर एका श्रोत्याने शेवटी विचारलं, ‘सर, निर्णय स्थगित ठेवला तरी सकाळी उठून काहीतरी करावंच लागतं. मग करायचं काय?’ प्रश्न नेमका होता. सेक्स्टस एम्पिरिकसने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय : आपल्या गावाच्या चालीरीती असतील त्याप्रमाणे वागावं.

वरवर पाहता उत्तर निरुपद्रवी वाटतं. पण ते उचलून १८८०च्या पुण्यात आणून ठेवा. तिथे चालीरीत म्हणजे काय? दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं लग्न. नवरा गेला की तिचं केशवपन. कोनाड्यातलं आयुष्य. ‘आम्हाला सत्य काय ते ठाऊक नाही, म्हणून आम्ही रूढीप्रमाणे वागतो’ असं म्हणणारा माणूस तिथे तटस्थ राहत नाही, बरं का. तो न्हाव्याला आत बोलावणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो. हे ज्याने फार स्पष्ट पाहिलं, त्या माणसाबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळचं टेंभू. अकोल्याहून मॅट्रिक, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालत, ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली आहे. आम्हाला स्वतःला ती फारशी आवडत नाही, कारण तिच्यामुळे माणूस गरिबीच्या चित्रात अडकतो आणि त्याचा विचार बाजूला राहतो. विचार मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेला होता. अंतिम तत्त्व अज्ञेय आहे, हे स्पेन्सरचं मत त्यांना जवळचं होतं. मिलकडून त्यांनी आणखी मोलाची गोष्ट घेतली असं आम्हाला वाटतं. मिल म्हणतो की माणूस चुकू शकतो, पूर्ण निश्चिती कुणालाच नाही; पण जगण्यापुरती पुरेशी खात्री असते, आणि ती उघड वादविवादातून मिळते. आपलं मत खोडून काढायची सगळ्यांना मोकळीक द्यायची, आणि ते टिकेल तोवर त्यावर चालायचं.

हे वाचणं सोपं. आता तुरुंगात येऊ.

४ जानेवारी १८८१ला ‘केसरी’ सुरू झाला, आगरकर संपादक. टिळक त्यांच्याहून नऊ दिवसांनी लहान. म्हणजे दोघे पंचविशीच्या आतले! कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, त्यामागे कारभारी बर्वे आहेत, अशा बातम्या येत होत्या. पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली. ती छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि ती पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. चार महिन्यांची साधी कैद. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ला ते सुटले.

हा प्रसंग बहुधा देशभक्तीचा पहिला अध्याय म्हणून सांगितला जातो. सुटल्यावर मिरवणूक निघाली, जयजयकार झाला, हे खरंच आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्या पुराव्यावर त्यांनी पाऊल उचललं, तो पुरावा खोटा निघाला. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणारा माणूस कधीतरी चुकणारच, आणि हे दोघे चुकले. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. पहिली, चूक कबूलच करायची नाही. दुसरी, पुन्हा म्हणून लेखणी उचलायची नाही. त्यांनी माफी मागितली, शिक्षा भोगली आणि परत येऊन लिहू लागले. आगरकरांनी तर त्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

आणि तुरुंगात त्यांनी आणखी काय केलं? हॅम्लेटचं भाषांतर. १८८३मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झालं. थोडं थांबून पाहा. हॅम्लेट म्हणजे खात्री शोधणारा माणूस. बापाचं भूत येऊन सांगतं, तुझ्या चुलत्याने माझा खून केला. भूत खरं की सैतानाचं सोंग? हॅम्लेट पुरावा गोळा करतो, नाटकमंडळीकडून राजापुढे तोच प्रसंग करून घेतो, राजाचा चेहरा पाहतो. पुरावा मिळतो. तरीही हात उठत नाही. आणि उठतो तेव्हा पडद्याआडच्या भलत्याच माणसावर. म्हणजे अडचण पुराव्याची नव्हतीच की काय? आगरकरांनी नावात ‘विकार’ हा शब्द घातला, त्याअर्थी त्यांना ही शंका आली असावी. पुरेशी माहिती नाही ही आपली सबब पुष्कळदा मनाच्या भीतीने घातलेला अंगरखा असतो. खोट्या पत्रांपायी कोठडीत बसलेला पंचविशीतला संपादक हे नाटक मराठीत आणतो, याहून समर्पक योग आम्हाला तरी माहीत नाही.

पुढचं थोडक्यात. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, २ जानेवारी १८८५ला फर्ग्युसन कॉलेज. मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही हे त्यांनी आईला आधीच पत्राने कळवलं होतं. सोसायटीचा आजीव सदस्य होणाऱ्याने वीस वर्षं सेवा द्यायची असा दंडक होता. दम्याचा माणूस वीस वर्षांचा शब्द देतो! तो शब्द पुरा होणार नव्हता. पण शब्द देताना हिशेब श्वासांचा नव्हता. कॉलेज उभं राहायचं तर कुणीतरी वीस वर्षं म्हणायलाच हवं होतं.

टिळकांशी मतभेद वाढले, ‘केसरी’ सुटला, १५ ऑक्टोबर १८८८ला ‘सुधारक’ निघाला. इंग्रजी बाजू काही काळ गोखले सांभाळत. संमतिवयाचा कायदा १८९१चा. वयाची मर्यादा दहावरून बारावर, एवढंच. तेवढ्यावरून पुणं पेटलं. जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली गेली आणि ती त्यांच्या घरावरून नेली गेली. एखाद्या श्रद्धाळू माणसाला अशा वेळी आधार असतो, की वर कुणीतरी पाहतो आहे. आगरकरांना तोही नव्हता. परलोक नाही, पुढचा जन्म नाही, न्याय होईलच असंही नाही.

टीकाकार विचारत, आणि आजही विचारतात, की यांच्या स्वतःच्या घरात तर यशोदाबाईंची देवपूजा, सोवळंओवळं चालूच होतं, मग सुधारणा कुठे गेली? आम्हाला हा आक्षेप उथळ वाटतो. बोलण्याची आणि करण्याची मर्यादा वेगळी असते, हे आगरकरांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे : योग्य वाटेल ते सगळं बोलायचं, पण करणं मात्र शक्य असेल तेवढंच होणार. बायकोवर सक्ती करून नास्तिकता लादली असती तर ती बुद्धिवादाची कुठली जात झाली असती?

१८९२ला ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ला गेले. चाळिशी गाठली नाही.

त्याच कॉलेजात १८९१पासून गणित शिकवायला एक गृहस्थ आले होते. आगरकरांहून पावणेदोन वर्षांनी लहान, कमी बोलणारे. धोंडो केशव कर्वे. १८९३मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं; मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलं. १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आधी त्यांचा भर पुनर्विवाहावर होता. त्याला फारसे लोक तयार होत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी तो शिक्षणाकडे वळवला. हेतू तोच, वाट बदलली. १९००मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. कॉलेज आटोपून कर्वे रोज तिथे चालत जात. रस्ता धड नव्हता. १९१६मध्ये महिला विद्यापीठ झालं.

कर्वे गेले १९६२मध्ये, १०४ वर्षांचे होऊन. म्हणजे आगरकरांच्या नंतर ६७ वर्षं! १८९२च्या सुमारास फर्ग्युसनच्या व्हरांड्यात हे दोघे समोरासमोर येत असतील, तेव्हा एकाच्या वाट्याला तीन वर्षं उरली होती आणि दुसऱ्याच्या वाट्याला सत्तर. कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या वयाला हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. म्हणून आम्ही त्या व्हरांड्याचा पुष्कळदा विचार करतो. दोघांचं त्या दिवसाचं काम मात्र सारखंच होतं : घंटा झाली की वर्गावर जायचं.

डोंगरीतले दुसरे कैदी राहिले. टिळकांनी कर्माचा आधार गीतेत शोधला. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५मध्ये छापून आलं. एकाच कोठडीत रात्र रात्र वाद घातलेले दोन मित्र, एकाला कृतीसाठी आध्यात्मिक पाया लागला आणि एकाला लागला नाही, आणि थांबलं दोघांपैकी कुणीच नाही. हे कसं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू. येताना ‘गीतारहस्या’तला कर्मयोगशास्त्राचा भाग चाळून या. आता प्रश्न घेऊ.