खलनायकाचं बारसं

जून महिन्यात नेदरलँड्समधल्या दुकानांच्या काचांवर एक पाटी झळकायला लागते. कामानिमित्त तिथे वर्षभर राहायचा योग आला होता, तेव्हा ती पहिल्यांदा पाहिली आणि भर रस्त्यात थबकलो. आपण ज्याला 'फादर्स डे' म्हणतो त्याचं ते डच नाव. पण त्यातला पहिला शब्द इंग्रजी वाचायच्या सवयीने वाचला की होतो चक्क 'व्हेडर'! मोजे, टाय आणि दाढीच्या क्रीमच्या पसाऱ्यात 'व्हेडर दिन'. मला एकट्यालाच हसू फुटलं. शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी जरा लांबूनच जाणं पसंत केलं.

'स्टार वॉर्स' ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (रहस्य फोडतोय, पण सिनेमा येऊन चार दशकं उलटून गेली, आता माफ करा.) १९७७ साली आलेल्या पहिल्या चित्रपटात डार्थ व्हेडर हा काळा मुखवटा घातलेला, घरघर श्वास घेणारा खलनायक आहे. नायक ल्यूकच्या बापाला यानेच मारलं, असं आपल्याला सांगितलं जातं. १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटात कळतं की हाच ल्यूकचा बाप. आणि डच भाषेत 'व्हेडर' हे जे अक्षर-रूप आहे, त्याचा अर्थच मुळी बाप! जर्मनमधला 'फाटर', इंग्रजीतला 'फादर', लॅटिनमधला 'पाटेर' आणि आपला 'पिता' ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी.

म्हणजे बघा, लुकासने उत्तर पहिल्या दिवसापासून नावातच लिहून ठेवलं होतं आणि जगाला तीन वर्षं पत्ता लागला नाही. काय डोकं आहे माणसाचं! ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं सांगत फिरलो. जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर भाचीच्या शाळेतल्या मुलांसमोरसुद्धा. सांगताना आवाजात उगाच एक तज्ज्ञपणा यायचा. शिवाय माझ्यामागे मोठा साक्षीदार होता. २००५ साली 'रोलिंग स्टोन' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत खुद्द जॉर्ज लुकासने सांगितलं होतं की 'डार्थ' हे 'डार्क'चं रूप, 'व्हेडर' हे 'फादर'चं रूप, म्हणजे काळा बाप. आता बाळाच्या नावाचा अर्थ बारसं करणाऱ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

पुण्यात माझा एक मित्र आहे. नोकरी सांभाळून मोडी कागदांत डोकं घालून बसणाऱ्यांपैकी. त्याला अंतराळयुद्धात काडीचा रस नाही. त्याने माझं सगळं रसभरित आख्यान ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "हे त्याने कधी सांगितलं? सिनेमाच्या आधी की नंतर?"

"नंतर. पण तो स्वतः लेखक आहे ना."

"मग ती बखर झाली. कागद कुठाय?"

आमच्या या मित्राचं दैवत इतिहासाचार्य राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिलं आणि त्यांची पार रया घालवली. बखरकार खोटारडा असतो असं नाही. पण तो शेवट माहीत असलेला माणूस असतो. मल्हार रामराव चिटणीस शिवाजी महाराजांविषयी लिहायला बसले ते महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. ज्याला शेवट माहीत आहे त्याला सुरुवातीतही शेवटाच्या खुणा दिसायला लागतात. पत्र लिहिणाऱ्याला मात्र उद्या काय होणार हे ठाऊक नसतं, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

मला तो प्रश्न झोंबला, खोटं कशाला सांगू. म्हटलं चला, कागद शोधू. आणि गंमत म्हणजे 'स्टार वॉर्स'चे कागद आहेत. एकामागून एक लिहिलेले पटकथेचे खर्डे आहेत, त्यांच्यावर तारखा आहेत, आणि त्यांचा अभ्यास करून लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत.

मे १९७४ चा खर्डा घ्या. त्यात डार्थ व्हेडर आहे. पण कोण आहे? साम्राज्याचा एक सेनापती. साधा माणूस, मुखवटा नाही, घरघर नाही, जादूची शक्ती नाही. कथेत फार मोठं कामही नाही. नायकाचं नाव अ‍ॅनिकिन स्टारकिलर, आणि त्याचा बाप केन स्टारकिलर हा वेगळाच. तो सज्जन, शूर योद्धा. आणि आता ऐका, अर्धंअधिक शरीर यंत्राचं झालेला माणूस या खर्ड्यात आहे, पण तो म्हणजे हा केन! म्हणजे यंत्रदेही बाप आहे, पण तो चांगल्या बाजूला. आणि व्हेडर हे नाव आहे, पण ते बापाचं नाही. पुढे ज्या दोन गोष्टी एकमेकींत विरघळल्या, त्या इथे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलेल्या आहेत.

१९७५ च्या खर्ड्यात व्हेडर 'सिथ' नावाच्या काळ्या सरदारांपैकी एक होतो. मुखवटा आला तो चित्रकार राल्फ मॅक्वारीमुळे. व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अंतराळातून जाणार, तर त्याला श्वास घ्यायला काहीतरी नको का, अशी त्याची साधी व्यावहारिक शंका. त्यातून जगातला सगळ्यात प्रसिद्ध मुखवटा जन्माला आला. नावातल्या अर्थाशी त्याचा संबंध शून्य.

पहिला चित्रपट नीट पाहा. शेवटच्या द्वंद्वात म्हातारा ओबी-वान त्याला नुसतं 'डार्थ' म्हणून हाक मारतो, आपण 'अरे सुरेश' म्हणावं तशी. म्हणजे १९७७ साली 'डार्थ' हे सरळ पहिलं नाव होतं, व्हेडर आडनाव. 'डार्थ' ही पदवी असल्याचं चित्रपटांतून कळायला १९९९ उजाडावं लागलं, डार्थ मॉल आणि डार्थ सिडियस आले तेव्हा. आता जुना प्रसंग पाहिला की ओबी-वान आपल्या जुन्या शिष्याला 'अहो सरदार' म्हणतोय असं वाटतं.

पण माझ्या सिद्धांताचं खरं पानिपत झालं ते फेब्रुवारी १९७८ च्या कागदावर. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा लुकासने ली ब्रॅकेट या ज्येष्ठ लेखिकेकडून लिहून घेतला. त्यात ल्यूकच्या बापाचं भूत येतं. येऊन मुलाशी प्रेमाने बोलतं. आणि व्हेडर? तो वेगळा, जिवंत, दुसरीकडे. पहिला चित्रपट पडद्यावर येऊन नऊ महिने झाले होते, आणि तरीही व्हेडर बाप नव्हता! ब्रॅकेटबाई पुढच्याच महिन्यात कर्करोगाने गेल्या. एप्रिलमध्ये लुकासने स्वतः पुढचा खर्डा लिहायला घेतला, आणि त्यात पहिल्यांदा व्हेडर ल्यूकला सांगतो की मीच तुझा बाप.

म्हणजे नाव १९७४ चं, नातं १९७८ चं. चार वर्षं ते नाव अर्थाविना फिरत होतं. त्या काळच्या मुलाखतींवर आधारलेलं 'द मेकिंग ऑफ स्टार वॉर्स' हे पुस्तक २००७ साली आलं. त्यात लुकास सांगतो की हे नाव असंच डोक्यात आलं, जोड्या लावता लावता जमलं. ही झाली अस्सल चिठ्ठी, आणि २००५ ची मुलाखत ही बखर. एकाच माणसाची दोन्ही.

मला लुकास खोटं बोलला असं म्हणायचं नाही. स्वतःच्या आयुष्याविषयी आपण सगळेच असं करतो. पण गेली इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर टाळ्या घेत होतो, ती गोष्ट त्या क्रमाने घडलीच नव्हती, हे पचायला मला वेळ लागला.

आणि मग एकदा सवय लागली की सगळीकडे तेच दिसतं. सम्राट पॅलपटीन घ्या. नाव ऐकताच रोममधली पॅलाटाइन टेकडी आठवते, जिथे सम्राटांचे वाडे होते आणि जिच्यावरून 'पॅलेस' हा शब्द आला. भारी वाटतं. हे नाव पहिल्यांदा छापून आलं ते १९७६ च्या कादंबरीत. मुखपृष्ठावर नाव लुकासचं, लिहिली अ‍ॅलन डीन फॉस्टरने. पण त्यातला पॅलपटीन हा भोवतालच्या खुशमस्कऱ्यांनी गुंडाळून ठेवलेला सम्राट आहे, ज्याच्या कानावर प्रजेची गाऱ्हाणी पोचतच नाहीत. आपल्याला माहीत असलेला पाताळयंत्री थेरडा तो नव्हेच. जुन्या तिन्ही चित्रपटांत त्याचं नाव कोणी उच्चारतही नाही. ते पडद्यावर आलं १९९९ सालीच.

याच्या अगदी उलट म्हणजे ज्या नावांत अर्थ आधी भरला आणि पात्र नंतर केलं ती नावं. मॉल म्हणजे ओरबाडून फाडणं. सिडियस हे 'इन्सिडियस'चं, म्हणजे आतून पोखरणाऱ्याचं, शेपूट. टायरेनस म्हणजे जुलमी. ग्रीव्हस म्हणजे भयंकर. यांना शब्दकोशातून थेट पडद्यावर आणलंय. माझं मत विचाराल तर ही नावं फिकी आहेत. गावातल्या नाटकात खलनायकाचं नाव 'दुष्टसेन' ठेवावं तशी. व्हेडरला जे वजन आहे ते त्याला नाही, कारण तिथे शोधायला काही उरतच नाही.

मग अर्थ आधीच असलेलं पण तरी जड असं नाव नसतंच का? असतं, आणि ते पाहून हसू येत नाही. लुकासला मुळात 'फ्लॅश गॉर्डन' करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःची गोष्ट रचली. अ‍ॅलेक्स रेमंडची 'फ्लॅश गॉर्डन' ही चित्रमालिका जानेवारी १९३४ मध्ये सुरू झाली. तिच्यातला खलनायक म्हणजे मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग. लांब मिशा, पिवळी कातडी. परग्रहावरच्या माणसाला चीनच्या राजघराण्याचं नाव! चिनी भाषेत 'मिंग'चा अर्थ तेजस्वी, पण ते वाचणाऱ्या अमेरिकेला कुठे ठाऊक? त्या देशात तेव्हा चिनी मजुरांना बंदी घालणारा १८८२ चा कायदा लागू होता आणि १९४३ पर्यंत राहिला. रविवारी पोरं मिंगला शिव्या घालत होती आणि त्याच शहरात मिंग आडनावाची माणसं कपडे धूत होती, इस्त्री करत होती. १९३६ च्या पडद्यावर मिंग झाला एक गोरा नट. या नावाच्या अर्थासाठी कुठलाही खर्डा शोधावा लागत नाही. तो कायद्याच्या पुस्तकात आहे.

म्हणून 'व्हेडर' हे कुठल्याच जमातीचं नसलेलं नाव ही मला लुकासची खरी कमाई वाटते, मग ते कसंही सुचलेलं असो. पण तीही त्याला टिकवता आली नाही. १९९९ च्या चित्रपटात न्यूट गनरे नावाचा लोभी व्यापारी आहे. 'न्यूट' ऐकून लोकांना न्यूट गिंग्रिच हा राजकारणी आठवला. आणि 'गनरे'ची अक्षरं फिरवा, मराठीतसुद्धा जमतं, होतात 'रेगन'! म्हणजे या वेळी चिमटा गोऱ्या सत्ताधाऱ्यांना होता म्हणावं. पण या गनरेला बोलायला लावलं ते पूर्व आशियाई वाटणाऱ्या मोडक्या इंग्रजीत, आणि त्यावर तेव्हाच भरपूर टीका झाली. नाव बदललं, पण मिंगचा आवाज मागच्या दाराने परत आला होता.

असो. त्या डच दिवसांतला एक सहकारी माझ्याच वयाचा होता. त्याला नंतर मी पत्र लिहून विचारलं, की लहानपणी तुम्हा पोरांना तरी नावावरून कळलं असेल ना? तो म्हणाला, छे, पडद्यावर सगळे इंग्रजी उच्चार करायचे, 'व्हेडर' म्हणायचे. आमच्या घरी बापाला कोणी तसं म्हणत नव्हतं. त्याला ते रहस्य कळलं तेव्हा तो थिएटरमध्ये इतरांइतकाच जोरात किंचाळला होता.

१९७४ च्या त्या खर्ड्यावरून २०१३ साली एक चित्रकथा निघाली. मागवली. भाची आता मोठी झाली आहे, तिला दाखवली. सेनापती व्हेडरच्या पानावर ती अडली. मुखवटा नसलेला चेहरा बराच वेळ पाहत राहिली.

"मामा, हा खोटा व्हेडर आहे का?"

"नाही गं. हा पहिला."

"मग शाळेत येऊन आम्हाला सांगितलं होतंस ते?"

ते मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहिलं.