माकड नाचत नव्हतं

लहानपणी रविवारी अब्बा आम्हा भावंडांना भवानी पेठेतून पेशवे पार्कात नेत. फुलराणीत एक फेरी, मग वाघ, आणि शेवटी माकडांचा पिंजरा. त्यातलं एक माकड गज धरून सारखं या पायावरून त्या पायावर डुलायचं. आम्हाला वाटायचं, ते नाचतंय. आम्ही टाळ्या वाजवायचो, शेंगदाणे फेकायचो. माकडाचा नाच मोहल्ल्यात मदाऱ्याकडे पाहिलेला होता, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

ते नाचत नव्हतं, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. बंदिस्त प्राणी एकच हालचाल तासन्‌तास करतो, स्वतःचे केस उपटतो, स्वतःलाच चावतो, ती कोंडमाऱ्याची खूण असते. रानातल्या माकडाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात तेच अन्न समोर येतं आणि थोड्या वेळात संपतं. उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं?

पुण्याला प्राणी बाळगण्याची हौस जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्याच परिसरात १९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क उभं केलं. जागा जेमतेम सात एकर. भोवती शहर वाढत गेलं, रस्ते आणि भोंगे वाढले. पिंजरे मात्र होते तेवढेच राहिले.

आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड टोळीत जगतं. माद्या जन्मभर आईच्या टोळीत राहतात आणि आईचा मान मुलीकडे येतो. नर मोठे झाले की बहुधा दुसरी टोळी गाठतात. एकमेकांच्या अंगावरची घाण नि उवा वेचणं हा त्यांचा सलोखा राखण्याचा मार्ग. भांडण झालं तर हरलेल्याला पळून जायला झाड असतं. पिंजऱ्यात झाड नाही, पळायला जागा नाही, आणि सोबत कोण असावं हेही माणूस ठरवतो.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण लंडनचं आहे. तिथल्या प्राणीसंग्रहालयात १९२५ साली सुमारे शंभर हमाद्रियास बबून एका कृत्रिम टेकडीवर सोडले. जवळजवळ सगळे नर. १९२७ मध्ये तीस माद्या आणून सोडल्या. मग जी मारामारी झाली, तिच्यात बहुतेक माद्या मेल्या. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाने हे पाहून १९३२ साली पुस्तक लिहिलं, आणि वानरांचा समाज मुळातच वर्चस्वावर नि हिंसेवर चालतो, असा समज पसरला. पुढे १९६० च्या दशकात हान्स कुमर इथिओपियात गेले. तिथे मोकळ्या रानात तेच बबून शिस्तीने कुटुंबं सांभाळून राहत होते. लंडनमध्ये दिसला तो टेकडीचा दोष होता, नाव मात्र जातीला पडलं.

‘ही जमातच तसली’ हे वाक्य आपण माणसांबद्दलही ऐकतो. माणसांची माकडांशी तुलना मला करायची नाही. मी बघणाऱ्याच्या चुकीबद्दल बोलतोय, आणि ती दोन्हीकडे सारखीच आहे. कोंदट जागेत कोंडायचं, आणि तिथलं वागणं हाच स्वभाव म्हणून लिहून ठेवायचं.

आता त्या मदाऱ्याविषयी. ‘मदारी’ हे नाव मकनपूरच्या शाह मदार यांच्या सिलसिल्याशी जोडलेलं आहे. मदारी, अस्वलवाले दरवेशी, कलंदर यांत आपल्याच समाजातली गरीब भटकी माणसं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या खेळाचं कौतुक करायला माझी जीभ आता धजत नाही. पिल्लू आईपासून तोडलं जायचं, मार नि उपास यांच्या जोरावर शिकवलं जायचं. १९९८ च्या अधिसूचनेने माकड, अस्वल, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. योग्यच झालं. पण दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्याच्याकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला. माकडाची सुटका आपल्याला दिसली, त्या माणसाच्या पोटाची काळजी फार थोड्यांनी केली. प्राण्यावर दया करायला सांगणाऱ्या दीनने शेजाऱ्याच्या भुकेचाही हिशेब मागितला आहे, हे आपण तरी विसरायला नको होतं.

पेशवे पार्कातलं प्राणीसंग्रहालय पुढे कात्रजला हललं. १९९९ साली तिथे राजीव गांधी प्राणीसंग्रहालय सुरू झालं, तलावासकट १३० एकरांवर. आमचं घरही तोवर भवानी पेठ सोडून कोंढव्याला आलं होतं, त्यामुळे कात्रज जवळच. मोठी जागा मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. चढायला फांद्या हव्यात, लोकांच्या नजरेआड बसायला कोपरा हवा, शोधून खावं असं विखुरलेलं अन्न हवं, आणि ओळखीची टोळी हवी. खडे मारणारे नि वेफर्स फेकणारे लोक नकोत.

मागच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन तिथे गेलो होतो. एक माकड दुसऱ्याच्या पाठीतून काहीतरी वेचत बसलं होतं. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि कंटाळला.

“नाना, हे नाचत का नाही?”

“त्याला काम आहे, बेटा,” मी म्हणालो. त्याच्या मुठीतले शेंगदाणे मग आम्ही दोघांनी बाहेर बाकावर बसून खाल्ले.