काचेच्या तारेचं दुसरं टोक

फायबरचा इतिहास सांगताना आपण नेहमी काचेपासून सुरुवात करतो. १९६६ साली काओ आणि हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली, एका किलोमीटरनंतर निदान शंभरातला एक भाग प्रकाश उरला, तर तिच्यातून टेलिफोन चालेल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मौरर, केक आणि शुल्ट्झ यांनी तशी काच करून दाखवली. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं.

पण प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचल्यावर काय? तिथे फोटोडायोड बसलेला असतो. त्याच्यावर एक मायक्रोवॅट प्रकाश पडला, तर साधारण अर्धा मायक्रोअँपियर करंट मिळतो. पुढच्या सर्किटला हवा असतो व्होल्टेज. सोपा उपाय म्हणजे करंट एका रेझिस्टरमधून जाऊ द्यायचा.

आता अडचण बघा. रेझिस्टर ५० ओहमचा घेतला, तर हाती येतात २५ मायक्रोव्होल्ट. ते गोंगाटात बुडून जातात. एक लाख ओहमचा घेतला, तर ५० मिलिव्होल्ट मिळतात, गोंगाटही तुलनेने कमी. पण डायोड आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची मिळून पाच पिकोफॅरड कपॅसिटन्स धरली, तरी ती त्या रेझिस्टरमधून भरायला-रिकामी व्हायला वेळ लागतो. बँडविड्थ जेमतेम ३२० किलोहर्ट्झ! म्हणजे ऐकू येईल तर वेग नाही, वेग असेल तर ऐकू येत नाही.

१९७३ साली बेल लॅब्सच्या पर्सोनिक यांनी रिसीव्हरचं सविस्तर गणित मांडलं. त्यांच्या मांडणीत रेझिस्टर मोठाच ठेवायचा, सिग्नल पसरू द्यायचा आणि नंतर इक्वलायझरने सरळ करून घ्यायचा. संवेदनशीलता उत्तम. पण प्रकाश जोरात आला, किंवा लागोपाठ बरेच 'एक' आले, की पहिलाच टप्पा तुडुंब भरायचा.

दुसरी वाट जुनीच होती. २ ऑगस्ट १९२७ला हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच निगेटिव्ह फीडबॅकचं सूत्र लिहिलं. त्यांना टेलिफोन अ‍ॅम्प्लिफायरमधली विकृती घालवायची होती. प्रकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९७६ मध्ये हलेट आणि मुओई यांनी फायबरच्या रिसीव्हरसाठी फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायरची बाजू मांडली.

युक्ती अशी: तोच एक लाख ओहमचा रेझिस्टर उचलायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत उलटा जोडायचा. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन ९९ असेल, तर फोटोडायोडला तो रेझिस्टर फक्त हजार ओहमचा भासतो. व्होल्टेज जवळपास तेवढाच, बँडविड्थ मात्र आदर्श गणिताप्रमाणे शंभरपट, सुमारे ३२ मेगाहर्ट्झ. हाच ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर.

फुकट काहीच मिळत नाही. त्या रेझिस्टरचा स्वतःचा गोंगाट राहतोच, आणि अ‍ॅम्प्लिफायरला प्रतिसाद द्यायला उशीर झाला तर सर्किट स्वतःच डोलू लागतं. म्हणून कागदावर निव्वळ संवेदनशीलतेच्या शर्यतीत जुनी पद्धत पुढेच होती. पण ज्याला प्रकाश मंद-तेज कसाही आला तरी चालतो आणि इक्वलायझर जुळवत बसावं लागत नाही, असा रिसीव्हर प्रत्यक्ष कामाला जास्त उपयोगी ठरला.

तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल, तर भिंतीवरच्या त्या लहानशा डब्यात फोटोडायोडला लागून हाच अ‍ॅम्प्लिफायर बसलेला आहे. काच शुद्ध झाली म्हणून प्रकाश तिथवर पोचला. तो ऐकू आला तो मात्र हाताशी असलेला गेन थोडा परत देण्याच्या शहाणपणामुळे.