आधी द्रोणाचार्य, मग अर्जुन

२०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे नाव मराठी घरांतही पोचले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून आता लोक त्यांना ओळखतात. पण त्याच शहरातल्या दुसऱ्या सय्यदांचे, नईमुद्दीन यांचे, नाव घेतले की आपल्याकडे समोरचा विचारतो, "हे कोण?"

कोलकात्यात फुटबॉल पाहणारा कुणी हा प्रश्न विचारणार नाही. ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांकडून नईमुद्दीन खेळले आणि पुढे तिन्हींचे प्रशिक्षकही झाले. या क्लबांचे चाहते एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

ते बचाव फळीत खेळत. गोल करणाऱ्याचे नाव होते, गोल अडवणाऱ्याचे क्वचितच. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. उपांत्य सामन्यात ब्रह्मदेशाने आपल्याला हरवले, पण तिसऱ्या क्रमांकासाठीच्या लढतीत भारताने जपानला १-० असे नमवून कांस्यपदक मिळवले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत आपल्या फुटबॉल संघाला एकही पदक मिळालेले नाही. म्हणजे शेवटच्या पदकाचा कर्णधार हा माणूस!

या कर्णधाराला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, पदकानंतर सत्तावीस वर्षांनी. गंमत अशी, की द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना त्याआधीच, १९९० मध्ये मिळाला होता. गुरू म्हणून सरकारने आधी ओळखले आणि खेळाडू म्हणून नंतर. याला उशिरा का होईना केलेला सन्मान म्हणायचे की फाइल हरवली होती म्हणायचे, ते वाचकांनी ठरवावे.

प्रशिक्षक म्हणून ते कडक शिस्तीचे. १९९० साली त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने ड्युरंड, रोव्हर्स आणि आयएफए शील्ड अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. रोव्हर्स ही आपल्या मुंबईची, कूपरेजवर भरणारी स्पर्धा. आता तीही बंद पडली. तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना प्रशिक्षकाचे नाव आठवत असेल?

भारतीय संघाची सूत्रेही त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आली. २००५ च्या डिसेंबरात कराचीत, पाकिस्तानच्या भूमीवर, भारताने सॅफ स्पर्धा जिंकली तेव्हा प्रशिक्षक तेच होते. पुढच्या फेब्रुवारीत आशिया चषकाच्या पात्रता फेरीसाठी ते संघ घेऊन जपानला गेले. छत्तीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून ज्या जपानला त्यांनी हरवले होते, त्याच जपानने या वेळी भारतावर सहा गोल चढवले. आपला एकही झाला नाही. मग मायदेशी येमेनकडूनही संघ ०-३ असा हरला. त्याच वर्षी नईमुद्दीन यांच्या जागी इंग्लंडचे बॉब ह्यूटन आले.