नाग अन् धामणीचं मिलन होतं का? पीळ घालून उभे राहणारे ते दोन साप कोण

तळेगाव (श्यामजी पंत) : पावसाळा तोंडावर आला की शेतशिवारात दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून उभे झालेले दिसतात. मोबाईलवर व्हिडिओ फिरतो, ‘नाग-धामणीचं मिलन’. भरभराट होते म्हणून काही जण त्यांच्यावर कापडही टाकतात.

ते दोन्ही साप बहुतेक वेळा धामणच असतात, अन् दोन्ही नर. मिलन नव्हे, ती कुस्ती आहे. एक दुसऱ्याचं डोकं खाली दाबतो. हरलेला निघून जातो. खरं मिलन जमिनीला टेकूनच होतं, शेपट्या एकमेकांत गुंतवून.

धामण म्हणजे नागाची मादी, हा समज जुना आहे. पण नागात नर-मादी दोन्ही असतात, फणाही दोघांना असतो. धामणीतही नर असतात, नाव तेवढं बाईचं. दोघांची कुळंच वेगळी. नाग विषारी, मण्यारीच्या कुळातला. धामण बिनविषारी. ही कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. घोडी अन् गाढवापासून खेचर होतं, कारण ते जवळचे नातलग. नाग-धामणीचं अंतर कुत्र्या-मांजराएवढं समजा. सापाचा नर वासावरून आपल्याच जातीची मादी हुडकतो. नाग धामणीजवळ दिसलाच, तर तो तिला खायलाही आलेला असू शकतो. नाग दुसरे साप खातो.

मग सापांत संकर होतच नाही काय? होतो, पण जवळच्या जातींत. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या काही जातींचा रानातच संकर झालेला आहे. पाळलेल्या अजगरांच्या वेगवेगळ्या जातींपासूनही पिल्लं झाली आहेत. नाग-धामणीची मात्र नाही.

या समजापायी धामण मारली जाते, तिच्या पिल्लात नागाचं विष उतरतं म्हणून. पिल्लं बिनविषारीच निघतात. सोयाबीन, तुरीच्या शेतातले अन् कोठ्यातले उंदीर खाणारा हा साप, शेतकऱ्यानं मारणं म्हणजे घरचंच नुकसान. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. साप घरात शिरला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करावा.

चावलेला साप ‘संकरित’ होता, त्याला दवा नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. नाग, मण्यार, घोणस (परड) अन् फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात मिळते. साप ओळखत बसण्यापेक्षा आधी तिथं पोहोचावं.