वसई, वसति आणि ओसरी

‘वसई’ हे नाव ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूकडे नेण्याचा प्रघात आहे आणि तो मला पटतो. संस्कृत ‘वसति’ प्राकृतात ‘वसइ’ किंवा ‘वसहि’ होते. आबूच्या जैन मंदिरांपैकी ‘विमल वसही’ आणि ‘लूण वसही’ या नावांत तीच आहे. कानडी ‘बसदी’ही तिचीच बहीण. तेव्हा आपल्या वसईच्या मुळाशी नुसती वस्ती असावी की एखादे देवालय, हे कोडे वाचकांनीही हाती घ्यावे असे आहे.

पण ‘वस्’चा सर्वांत जुना अर्थ ‘रात्र काढणे’ असा दिसतो. आधी रात्रीचा मुक्काम, मग निवास, मग गाव. संस्कृत कोशांत शोधावा लागणारा हा अर्थ मराठीच्या तोंडी अजून जिवंत आहे. पाहुणा ‘वस्तीला’ येतो आणि शेवटच्या गावी रात्रभर थांबणारी एसटी ती ‘वस्तीची गाडी’. घराच्या वाशाचा मात्र या वासाशी काही संबंध नाही. तो ‘वंश’ म्हणजे बांबू. छपराला बांबू लागत तेव्हाचे नाव पुढे सागवानी वाशालाही चिकटून राहिले असावे.

रात्र घरात काढायची, तर दिवस कुठे? ओटीवर, ओसरीत. वाडीतून आलेली केळी, पाने, भाजी तिथे टेकायची, आल्यागेल्याला तिथेच पाणी मिळायचे. तिच्या आत माजघर. त्याची वाट सरळ आहे: मध्य, मज्झ, माज. ‘ओसरी’ तितकी सरळ नाही. कुणी तिला ‘अपसर’ म्हणजे बाजूला सरणे याकडे नेतात, कुणी ‘उपशाला’कडे. हिंदीतला ‘ओसारा’ शेजारी ठेवला की उपशालेचे पारडे जड वाटते, कारण शालेलगतची ती उपशाला हा अर्थ चपखल बसतो. ‘ल’चा ‘र’ कसा झाला, एवढी गाठ तेवढी सुटायची राहते.

मग व्हरांडा. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईतो, वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या ‘वरांदा’वर दोन दावे सांगितले जातात. एक संस्कृत ‘वरण्ड’चा; कोशांत त्याला झुंजणाऱ्या दोन हत्तींमधली मातीची भिंत असाही अर्थ आहे. दुसरा फारसी ‘बरामदा’चा, म्हणजे ‘बाहेर आलेला’. दोन्ही मोहक आहेत. पण वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, १४९८ सालीच, हा शब्द सहजपणे येतो, आणि १५०५ च्या एका स्पॅनिश-अरबी कोशातही तो आहे. पाहुण्यांनी शब्द घरूनच आणला होता असे दिसते. इथे येऊन त्यांनी तो आपल्या ओसरीला लावला. ‘वरण्ड’शी त्याचे साम्य मला योगायोगाचे वाटते.

आता विरारच्या बांधकामाच्या फलकांवर घराचे नाव ‘वन बीएचके’. त्यातला ‘हॉल’ परका वाटतो खरा, पण व्युत्पत्तिकार त्याचे मूळ ‘झाकणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूत शोधतात आणि संस्कृत ‘शाला’ही तिथलीच मानतात. हे खरे असेल आणि ओसरी उपशालाच असेल, तर हॉल आणि ओसरी नात्यातले ठरतात. नातेवाईक असून एका घरात मात्र ते नांदत नाहीत. बीएचकेच्या तीन अक्षरांत ओसरीला जागाच नाही. बाल्कनी मिळाली तरी ती लवकरच जाळी लावून, काच बसवून हॉलमध्ये ओढून घेतली जाते. १९३६ साली विजेची लोकल विरारपर्यंत आली. त्या लोकलने पहाटे निघून रात्री परतणाऱ्याचे घर पुन्हा ‘वसति’च झाले आहे, अगदी जुन्या अर्थाने. रात्रीपुरते घर माणसाला पुरत नाही असे मी मानतो. ओसरी गेल्याने शेजाऱ्याशी बसायची जागा गेली, आणि तिथे बोलले जाणारे शब्दही जात आहेत.

वसईच्या वाडवळ, कुपारी, कोळी, आगरी घरांत पुढच्या-मागच्या प्रत्येक पडवीला, कोनाड्याला, माळ्याला वेगळी नावे असतील. आपल्या आजीला ती जरूर विचारा आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा.