सोमवारची रात्र आणि जेत्याचे दप्तर : ‘मंडे नायट्रो’ (१९९५–२००१) या कुस्ती कार्यक्रमाचा इतिहास

प्रस्तावना

व्यावसायिक कुस्ती हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न विद्वत्सभेत उपस्थित होणे स्वाभाविक आहे. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो तिला आपण ‘नुरा कुस्ती’ म्हणतो आणि या शब्दातच तिरस्कार अनुस्यूत आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील प्रेक्षकाच्या दृष्टीने नुरा कुस्ती ही शुद्ध फसवणूक होय. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीची परंपरा मात्र निराळी आहे. तेथे निकाल ठरलेला असतो, हे बहुतेक प्रेक्षक जाणतात आणि तरीही तन्मयतेने पाहतात. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात या कुस्तीला क्रीडाप्रकार न मानता नाट्यदर्शन मानले. त्यामुळे ‘हे खरे की खोटे’ या प्रश्नापेक्षा ‘हे कोणत्या व्यवस्थेतून घडते’ हा प्रश्न अभ्यासकासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत निबंधात ‘मंडे नायट्रो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा विचार केला आहे. प्रस्तुत लेखकाच्या आवडीचा हा कार्यक्रम साडेपाच वर्षे चालला व २००१ मध्ये बंद पडला. त्याच्या अस्ताची जी कथा आज सर्वत्र सांगितली जाते, ती प्रामुख्याने त्याच्या प्रतिस्पर्ध्याने सांगितलेली आहे. ती कितपत ग्राह्य मानावी, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती दीर्घकाळ प्रादेशिक स्वरूपाची होती. १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ची स्थापना झाली आणि निरनिराळ्या प्रवर्तकांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू नये, असा संकेत होता. उपग्रह व केबल दूरचित्रवाणीमुळे हा संकेत टिकणे अशक्य झाले. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांनी आपल्या वडिलांकडून ईशान्य अमेरिकेतील कंपनी विकत घेतली आणि ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ देशव्यापी करण्याचा उपक्रम आरंभिला. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर या कंपनीने कुस्ती ही स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. या कबुलीमागे क्रीडाविषयक शासकीय नियंत्रणातून सुटका करून घेण्याचा व्यावहारिक हेतू होता.

दुसरीकडे, अटलांटा येथील प्रसारण उद्योजक टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये जिम क्रॉकेट यांची डबघाईला आलेली कुस्ती कंपनी विकत घेतली. तिचेच रूपांतर ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ या संस्थेत झाले. १९९२ मध्ये या संस्थेत रॉन सिमन्स हे जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय मल्ल ठरले. तथापि, आर्थिकदृष्ट्या ती प्रतिस्पर्ध्याच्या मागेच होती.

उदय

१९९३ च्या जानेवारीत मॅकमहन यांनी ‘मंडे नाइट रॉ’ हा कार्यक्रम सुरू केला होता. त्याच दिवशी, त्याच वेळी टर्नर यांच्या ‘टीएनटी’ वाहिनीवर स्पर्धक कार्यक्रम आणण्याची जबाबदारी एरिक बिशॉफ यांच्यावर आली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी मिनेसोटा राज्यातील ‘मॉल ऑफ अमेरिका’ या बाजारसंकुलात ‘नायट्रो’चा पहिला प्रयोग झाला. टेनिस स्पर्धेच्या प्रक्षेपणामुळे त्या रात्री ‘रॉ’ नव्हता. या प्रयोगात लेक्स ल्यूगर हा मल्ल अकस्मात अवतरला. तो प्रतिस्पर्धी कंपनीचा मल्ल असल्याची प्रेक्षकांची समजूत होती.

या एका प्रसंगात ‘नायट्रो’चे सूत्र दिसून येते. ‘रॉ’चे अनेक भाग आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेले असत, तर ‘नायट्रो’ थेट प्रक्षेपित होई. बिशॉफ तर प्रतिस्पर्ध्याच्या मुद्रित कार्यक्रमाचे निकाल हवेतच सांगून टाकत. आज काहीही घडू शकते, ही भावना प्रेक्षकाच्या मनात निर्माण करणे हेच या कार्यक्रमाचे बलस्थान होते.

२७ मे १९९६ रोजी जॉर्जियातील मेकन येथे स्कॉट हॉल हा मल्ल प्रेक्षकांमधून वाट काढत रिंगणात आला आणि त्याने युद्धाची घोषणा केली. पुढे केविन नॅश त्याला येऊन मिळाला. दोघेही नुकतेच मॅकमहन यांच्याकडून आले होते. ते प्रतिस्पर्ध्याचे हस्तक आहेत की नव्या संस्थेचे पगारी मल्ल, याविषयी हेतुपुरस्सर संदिग्धता राखण्यात आली. ही संदिग्धता इतकी परिणामकारक होती की तिच्यावरून त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांमध्ये न्यायालयीन वाद उभा राहिला. ७ जुलै १९९६ रोजी फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे हल्क होगन या दोघांचा साथीदार झाला. एका पिढीचा आदर्श नायक खलनायक बनला व ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा गट जन्माला आला. त्यानंतर एप्रिल १९९८ पर्यंत, सलग ऐंशीहून अधिक आठवडे, प्रेक्षकसंख्येत ‘नायट्रो’ने ‘रॉ’वर मात केली.

या यशाचे श्रेय केवळ होगनसारख्या बड्या नावांना देणे योग्य ठरणार नाही. रे मिस्टेरिओ, एडी गुरेरो, ख्रिस जेरिको यांसारख्या लहान चणीच्या मल्लांनी मेक्सिको व जपान येथील शैली अमेरिकी प्रेक्षकांच्या घरात पोहोचवली. कार्यक्रमाचा पूर्वार्ध ते आपल्या कौशल्याने तोलून धरत, परंतु मुख्य लढतीत त्यांना क्वचितच स्थान मिळे.

ऱ्हास : प्रचलित कथा

ऱ्हासाची प्रचलित कथा सर्वज्ञात आहे. ज्येष्ठ मल्लांना सर्जनशील निर्णयांवर अवाजवी अधिकार मिळाले आणि तरुणांची वाढ खुंटली. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटा येथील जॉर्जिया डोममध्ये गोल्डबर्गने होगनला हरवले, तेव्हा सुमारे ४०,००० प्रेक्षक उपस्थित होते. एवढी मोठी लढत शुल्क आकारून दाखवण्याऐवजी एका रात्रीच्या प्रेक्षकसंख्येसाठी खर्ची घालण्यात आली. ४ जानेवारी १९९९ रोजी त्याच ठिकाणी होगनने केविन नॅशच्या छातीला केवळ बोट लावले, नॅश आडवा झाला आणि विजेतेपदाचा पट्टा होगनकडे गेला. त्याच रात्री निवेदकाने वरिष्ठांच्या आदेशावरून ‘रॉ’वर मिक फोली विजेता होणार असल्याचे उपहासाने सांगितले. परिणाम उलटा झाला. फोलीचा विजय पाहण्यासाठी प्रेक्षकांनीच मोठ्या संख्येने वाहिनी बदलली.

या घटना खऱ्या आहेत. प्रेक्षक ठरलेला निकाल स्वीकारतो, पण आपली थट्टा स्वीकारत नाही, हा त्यांतील बोधही खरा आहे. तथापि, कालक्रम पाहता एक अडचण उद्भवते. ‘नायट्रो’ने ‘रॉ’वर शेवटची मात २६ ऑक्टोबर १९९८ रोजी केली होती. म्हणजे बोट लावण्याच्या प्रसंगापूर्वीच आघाडी गेलेली होती. ज्या घटनेला ऱ्हासाचे कारण मानले जाते, ती प्रत्यक्षात ऱ्हासाचे लक्षण होती.

संरचनात्मक कारणे

ऱ्हास आणि अंत या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९६–९७ मध्ये मॅकमहन यांची कंपनीही संकटात होती, तरी ती टिकली. ती एका कुटुंबाच्या मालकीची होती आणि कुस्ती हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ मात्र एका अवाढव्य समूहाचा लहानसा विभाग होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी ‘टाइम वॉर्नर’मध्ये विलीन झाली आणि कुस्तीचा पाठीराखा स्वतःच मोठ्या यंत्रणेचा भाग बनला. यशाच्या काळात वाहिन्यांची मागणी वाढली. जानेवारी १९९८ मध्ये ‘नायट्रो’ तीन तासांचा करण्यात आला व त्याच महिन्यात ‘थंडर’ हा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. कथानकाची झीज होण्यास हा अतिरिक्त भारही कारणीभूत ठरला.

२००० मध्ये संस्थेला सुमारे ६ कोटी डॉलर तोटा झाल्याचे सांगितले जाते. मात्र निर्माती संस्था व प्रसारक वाहिनी एकाच घरातील असताना कोणते उत्पन्न कोणाच्या खाती मांडायचे, हा निर्णय वरिष्ठ व्यवस्थापनाचा असतो. असा आकडा वाचताना हे भान ठेवणे आवश्यक आहे. जानेवारी २००१ मध्ये ‘एओएल’शी विलीनीकरण पूर्ण झाले. त्याच सुमारास बिशॉफ यांचा सहभाग असलेला ‘फ्यूशंट मीडिया’ हा गट संस्था विकत घेण्यास पुढे आला होता. परंतु मार्च २००१ मध्ये जेमी केलनर यांनी टर्नर वाहिन्यांवरील कुस्तीचे कार्यक्रमच रद्द केले. प्रसारणाची वेळ गेल्यावर खरेदीत अर्थ उरला नाही व तो व्यवहार फिसकटला. नाव, बोधचिन्हे आणि चित्रफितींचा संग्रह मॅकमहन यांना अल्प किमतीत मिळाला. कार्यक्रम चुकांमुळे दुबळा झाला हे खरे, पण त्याचा अंत घडवला तो प्रसारणाची वेळ काढून घेणाऱ्या निर्णयाने.

२६ मार्च २००१ रोजी फ्लॉरिडातील पॅनामा सिटी बीच येथे अखेरचा प्रयोग झाला. अखेरची लढत रिक फ्लेअर व स्टिंग यांच्यात झाली. पहिल्या प्रयोगातही हे दोघे परस्परांशी लढले होते. मॅकमहन क्लीव्हलँड येथून पडद्यावर अवतरले आणि कंपनीच्या प्रत्यक्ष विक्रीचेच नव्या कथानकात रूपांतर करण्यात आले. वास्तव व कथा यांची सीमारेषा पुसणारे तंत्र शेवटी ‘नायट्रो’वरच वापरले गेले.

जेत्याचे दप्तर

चित्रफितींबरोबर इतिहास सांगण्याचा अधिकारही जेत्याकडे गेला. २००४ मध्ये त्याच कंपनीने ‘द मंडे नाइट वॉर’ हा माहितीपट प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या ऑनलाइन वाहिनीवर याच विषयाची मालिका दाखवली. एका बाजूला द्रष्टा उद्योजक आणि दुसऱ्या बाजूला उधळे व अननुभवी लोक, अशी ही मांडणी आहे. गाय एव्हान्स यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात टर्नर समूहातील व्यक्तींच्या मुलाखतींच्या आधारे या मांडणीला छेद दिला आहे.

या कथेतून काय गळते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. कुस्ती कंपन्या मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानत. त्यांची कोणतीही कामगार संघटना नव्हती. २००० मध्ये काही मल्लांनी ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’वर वांशिक भेदभावाचे दावे दाखल केले व ते पुढे तडजोडीने मिटले. विक्रीनंतर बड्या मल्लांना मूळ समूहाशी असलेल्या करारामुळे घरबसल्या मानधन मिळत राहिले, पण इतर अनेकांपुढे एकाच मोठ्या मालकाचे दार उरले. विजयाच्या कथेत या स्पर्धेच्या अंताचे मोल मोजले जात नाही.

समारोप

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘ऑल एलीट रेसलिंग’चा कार्यक्रम त्याच ‘टीएनटी’ वाहिनीवर सुरू झाला. टर्नर यांच्या वाहिन्यांवर कुस्तीला प्रेक्षकच उरला नव्हता, हा २००१ मधील निष्कर्ष त्यामुळे तरी संशयास्पद ठरतो. लोकप्रिय मनोरंजनाच्या इतिहासात साधने बहुधा खासगी मालकीची असतात. ज्याच्या हाती दप्तर, त्याचीच बखर लिहिली जाते. म्हणूनच अशा विषयाला क्षुल्लक समजून अभ्यासकाने बाजूला राहणे परवडणारे नाही. कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असेल, तरी तिच्या इतिहासाचा निकाल आधी ठरलेला असू नये, एवढेच येथे प्रतिपादन करावयाचे आहे.